म्हाताऱ्याला भिंग

म्हातारा पांढऱ्या कागदाच्या पुडीत, जेवणाच्या टेबलाच्या मधोमध पडला होता आणि त्याच्याभोवती घरातली माणसं तोंडं पाडून बसली होती.

म्हातारा म्हणजे घरचा हिरा. आबांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने पैलू पाडलेला. सहा कॅरेट आणि वर थोडा. आणि हे ‘वर थोडा’ या घरात नेहमी मान ताठ करूनच म्हटलं जायचं. तो थोरल्या सुनेच्या अंगठीत बसायचा. गेली पंचवीस वर्षं तो वहिनीच्या बोटात होता. तीन आठवड्यांपूर्वी वाऱ्याने आपटणारी कारखान्याची खिडकी लावायला ती धावली, हात लोखंडी खिट्टीवर आदळला आणि म्हाताऱ्याच्या कडेचा टवका उडाला. हिरा कठीण असतो, पण कठीण म्हणजे चिवट नव्हे, हे हिरे घासणाऱ्यांच्या घरात एवढी वर्षं राहूनही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिला कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच जास्त लागत होतं. नवरा “होतं असं कधीकधी” म्हणाला आणि कूस बदलून झोपला. धाकटा दीर “वहिनी, खिट्टीला फार लागलं नाही ना?” असा विनोद करून गेला. सासरे, म्हणजे आबा, नुसते हुंकारले. आणि नणंद तिच्या मोकळ्या बोटाकडे बघत राहिली.

नणंदेला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. पन्नाशी गाठली तरी नाव सुटलं नव्हतं. कारखान्यातलं हिरे घासायचं शेवटचं हाताचं चाक, आबांचं, तिच्या ताब्यात होतं. बाकीची कधीच गेली होती आणि त्यांच्या जागी थोरल्याने, वहिनीच्या नवऱ्याने, यंत्रं आणली होती. हे चाकही पुढच्या सोमवारी भंगारात जायचं होतं, कारण तिसऱ्या यंत्राला जागा हवी होती. भिंगरीला काय हवं होतं ते कुणी विचारलं नव्हतं, आणि तिने ऐकवलंही नव्हतं. नणंद-भावजयीत भांडण नव्हतं. दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या नीट वागायच्या, आणि एका घरात त्याहून वाईट काही नसतं.

“हे बघा,” थोरला म्हणाला, “मी चौकशी केली आहे. टवक्यापुरती कड घासून घ्यायची. वजन सहाच्या खाली जाणार नाही.”

“आणि गेलं तर काय आभाळ कोसळेल?” धाकट्याने विचारलं.

“सहाच्या खाली गेला तर तो म्हातारा राहील का?”

“दादा, आपण हिरा सांभाळतोय की आकडा?”

“तू गप्प बस. तुला सगळ्याचीच थट्टा सुचते.”

“नुसती कड घासलीत,” भिंगरी म्हणाली, “तर एका बाजूचे दात पडल्यासारखा दिसेल. सगळाच नव्याने कापायला हवा. घाट तोच ठेवते, पण खालचं सुटलेलं पोट उतरवायला हवं. आत जाणारा सगळा उजेड त्या पोटातून खाली गळून जातो. वर परत काही येतच नाही. म्हणून तर तो असा झोपाळू दिसतो.”

“म्हणजे किती राहील?”

“पावणेपाच.”

थोरल्याने डोळे मिटले. वहिनीला वाटलं, आता हा हिरा उचलून छातीशी धरतो की काय. “पोट उतरवायला हवं हे तुला कुणी सांगितलं?”

“मी भिंग लावलं.”

या घराण्याने जगातल्या लोकांच्या हिऱ्यांना भिंग लावून त्यांचे बारीकसारीक डाग काढून दाखवले होते, पण घरच्या हिऱ्याला भिंग लावायचं नाही, हा आबांच्या वडिलांनी घालून दिलेला दंडक होता. वडीलधाऱ्यांच्या कामाची परीक्षा घ्यायची नाही, असा त्याचा अर्थ सांगत. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असा अर्थ वहिनीने मनातल्या मनात कधीच लावला होता.

“आजोबांच्या हिऱ्याला भिंग?” थोरल्याचा आवाज चढला. “तुला लाज वाटायला हवी होती. आणि खालच्या तीन पैलूंवर रेघा राहिल्या असतील, म्हणून काय सगळा हिरा वाईट ठरतो?”

भिंगरीने चहाचा कप हळूच खाली ठेवला. “तीन पैलूंवर रेघा आहेत, हे मी कुठे म्हटलं?”

चोराच्या मनात चांदणं. थोरल्याचे कान लाल झाले.

धाकटा खुर्चीत मागे रेलून हसायलाच लागला. “दादा, तूसुद्धा? आणि मी इतकी वर्षं समजतोय की ते पाप मी एकट्याने केलंय. कॉलेजात असताना बघितलं मी. वहिनींनी अंगठी साबणाच्या पाण्यात घालून ठेवली होती तेव्हा.”

“मी नोकरी सोडून कारखान्यात आलो, त्या आठवड्यात,” थोरला पुटपुटला.

सगळे हळूहळू खिडकीजवळच्या आरामखुर्चीकडे वळले. आबांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, पण आपल्याकडे बघणारे डोळे त्यांना बरोबर कळत.

“माझ्याकडे काय बघता?” ते म्हणाले. “मी तर तुमच्या आईशी लग्न व्हायच्या आधीच बघितलं होतं. त्या पैलूंपाशी गाठ आहे. लाकडात असते तशी. तेवढ्या जागी हिऱ्याच्या आतली रेघ उलटी फिरते. वडिलांचं चाक तिथे अडलं. तुटेल म्हणून भ्याले आणि तसाच सोडला. पुढे नाव झालं, मग कुणी बघू नये म्हणून नियम केला. पुढे मी भ्यालो. मला तर भ्यायला कारणही नव्हतं.”

म्हणजे या घरात भिंग न लावलेलं एकच माणूस होतं, आणि म्हातारा नेमका त्याच माणसाच्या बोटात होता. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. वहिनीला आधी हसू आलं, आणि हसू ओसरल्यावर राग.

“छान,” ती म्हणाली. “पंचवीस वर्षं मी हात जपून फिरले. कणीक मळताना अंगठी काढायची, कपडे पिळताना काढायची, झोपताना काढायची. तीन आठवडे मी चोरासारखी वावरते आहे. आणि तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, की तो मुळातच अर्धवट आहे.”

“अगं, तसं नाही—” थोरला म्हणाला.

“तसंच आहे. टवका माझ्या हातून उडाला, अंगठी माझ्या बोटातली, तर ठरवणारही मीच. वन्सं, तुम्ही कापा.”

भिंगरीने चमकून वर बघितलं. पंचवीस वर्षांत भावजयीने तिच्याकडे काही मागितल्याचं तिला आठवत नसावं.

“दादा, ताईच्या हाताला कोण नावं ठेवतंय,” धाकटा म्हणाला. “घरचा हिरा घरातच कापायचा असेल तर मी ताईच्या बाजूने. बाहेरच्या यंत्रवाल्यांना बोलावू नका.”

“आणि तो गाठीवर दुभंगला तर?” थोरल्याने बहिणीला विचारलं.

“तर पुढच्या सोमवारी भंगारवाला येईल तेव्हा चाक त्याच्या गाडीवर चढवायला मीच हात लावीन. पुन्हा चाकाचं नाव काढणार नाही.”

“आणि जमलं,” वहिनी म्हणाली, “तर चाक जागचं हलणार नाही. तिसरं यंत्र हवं तर आपल्या झोपायच्या खोलीत ठेवा.”

आबा खुर्चीत खुदकन हसले आणि थोरल्याच्या लक्षात आलं, की आता आपण एकटेच उरलो आहोत.

दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे सोमवारपासून, वहिनी सकाळची कामं आटोपून खाली यायची आणि चाकाशेजारी स्टूल ओढून बसायची. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला थोरल्याची दोन यंत्रं, काचेच्या पेटीत बंद, आपलं आपण काम करणारी. समोर खिडकीखाली चाक: ताटाएवढी लोखंडी तबकडी, तेल आणि हिऱ्याच्या भुकटीने काळी पडलेली, वेगाने फिरायला लागली की उभी असल्यासारखी दिसणारी. हिऱ्याला हिऱ्याचीच भुकटी घासते, दुसरं काही नाही. भिंगरी म्हाताऱ्याला पितळी पकडीत बसवायची, पकड चाकावर टेकवायची, जरा वेळाने उचलायची आणि भिंगाखाली बघत बसायची. पुन्हा टेकवायची. दिवसभर हेच.

“एवढंसं घासायचं आणि एवढा वेळ बघायचं?” वहिनीने विचारलं.

“घासलेलं परत लावता येत नाही, वहिनी. बघितलेलं वाया जात नाही.”

दाराजवळ आबांची खुर्ची आणून ठेवली होती. त्यांना दिसत नसलं तरी ऐकू चांगलं येत होतं, आणि चाकाच्या आवाजावरून ते पैलू ओळखायचे. “जरा दाबलंस,” असं म्हणायचे, आणि भिंगरी न बोलता हात हलका करायची. मंगळवारी टवक्याची कड गेली. बुधवारी पोट उतरायला लागलं. बोलता बोलता वहिनीला कळलं, की नणंद त्या दिवशी बोटाकडे बघत राहिली होती ती दोष द्यायला नव्हे.

“मग काय बघत होतात?”

“म्हटलं, सुटला एकदाचा. टवका उडाल्याशिवाय त्याला कुणी हात लावू दिला असता का? मी मनातून खूश होते, वहिनी, म्हणून तुमच्याशी बोलायची लाज वाटत होती.”

वहिनीने तोंडावर पदर धरला, पण हसू फुटलंच. तीन आठवडे जिची नजर आपण चुकवत फिरलो ती बाई आपले आभार मानायच्या बेतात होती, हे कळल्यावर तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या दिवशी दोघींनी तिथेच, चाकाच्या काठावर कप ठेवून चहा घेतला. आबांनी त्यावर “काठावर कप ठेवायचे नाहीत” एवढंच म्हटलं.

गुरुवारी दुपारी चाक किंचाळलं.

तो आवाज वरच्या खोलीपर्यंत गेला. थोरला दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आला, मागून धाकटा. भिंगरीने पकड उचलून धरली होती आणि चाकाच्या काळ्या तोंडावर एक पांढरा ओरखडा उमटला होता. म्हातारा शाबूत होता, पण भिंगरीचा चेहरा पांढरा पडला होता.

“गाठ,” आबा म्हणाले. “तिथेच. वडिलांचं चाक असंच ओरडलं असणार.”

“बास,” थोरला म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. “आजोबा उगीच थांबले नव्हते. अजून काही बिघडलेलं नाही. वरचे पैलू नीट कर, चकाकी दे आणि बसवून टाक. मी चाकाबद्दल काही म्हणणार नाही. पण हे थांबव.”

“ताई, दादाचं बरोबर असेल,” धाकटा हळू आवाजात म्हणाला. रविवारी छाती पुढे काढून बाजू घेणारा हाच तो. आबांनीही मान खाली घातली. भिंगरीने पकड मांडीवर घेतली, आणि आपली नणंद आता हो म्हणणार हे वहिनीला स्पष्ट दिसलं. हिरा बरा होईल, चाकही राहील कदाचित, कुणाच्या तरी मेहेरबानीवर. पण मग ही बाई पुन्हा कधी खिडकीखालच्या चाकाशी मान वर करून बसणार नाही.

“मला एक सांगा,” वहिनी म्हणाली. “तुम्हाला गाठीवरूनच जायला हवं का?”

“पैलू तिथेच येतो, वहिनी.”

“का येतो?”

“का म्हणजे? आजोबांनी तिथे पाडला म्हणून—” आणि भिंगरी वाक्याच्या मध्येच थांबली.

“मला यातलं काही कळत नाही,” वहिनी म्हणत राहिली, “पण या घरात आल्यापासून मी कुणाच्या अंगावर सरळ गेले नाही. यांचा राग, आबांचा हट्ट, तुमचं गप्प बसणं, सगळ्यांच्या कडेकडेनेच गेले. म्हणून तर अजून टिकून आहे.”

थोरल्याने बायकोकडे असं बघितलं, जणू ती आत्ताच लग्न होऊन आली आहे.

भिंगरीने भिंग डोळ्याला लावलं. हिरा पकडीत एकदा डावीकडे फिरवला, एकदा उजवीकडे. “मीसुद्धा मूर्खच,” ती शेवटी म्हणाली. “सगळं नव्याने कापायला बसले आणि पैलू मात्र त्यांच्याच जागी ठेवत होते. त्यांच्याच पावलावर पाऊल. आबा, खालची सगळी मांडणी अर्ध्या पैलूने फिरवली तर? गाठ पैलूच्या मध्ये येणार नाही, दोन पैलूंच्या सांध्यावर येईल. अर्धी इकडून घासायची, अर्धी तिकडून. दोन्हीकडून रेघ सुलटी लागेल.”

आबांनी बोटांनी हवेत काहीतरी मोजल्यासारखं केलं. “मग वरचे पैलूही फिरवावे लागतील.”

“फिरवीन.”

“वजन अजून जाईल,” थोरला म्हणाला.

“जाऊ द्या,” वहिनी म्हणाली, आणि स्टूल पुढे ओढून बसली.

चाक पुन्हा सुरू झालं. भिंगरीने पकड टेकवली. धाकट्याने कानांवर हात ठेवले. आवाज आला तो किंचाळण्याचा नव्हता. बारीक, सारखा, मांजर घशात गुरगुरतं तसा. आबांची मान हळूहळू वर आली.

“आता बरोबर बोलतोय,” ते म्हणाले.

सोमवारी सकाळी भिंगरीने म्हाताऱ्याला पकडीतून सोडवलं, स्पिरिटमध्ये धुतलं, मऊ फडक्याने पुसलं आणि वहिनीच्या तळहातावर ठेवलं. घरातली सगळी माणसं खाली जमली होती. थोरला वर जाऊन काचेच्या पेटीतला वजनाचा काटा घेऊन आला होता, कारण सवय ती सवय.

वहिनीने हात खिडकीतल्या उन्हात धरला.

पंचवीस वर्षं तिच्या बोटात जे काही होतं ते तुरटीच्या खड्यासारखं शहाणं बसून असायचं. हे तसं नव्हतं. हे एका जागी ठरतच नव्हतं. तिने हात जरासा हलवला आणि छतावर, यंत्रांच्या काचेवर, थोरल्याच्या सदऱ्यावर उजेडाचे तुकडे धावत सुटले.

“कोण आहे?” आबा एकदम म्हणाले.

“कुठे, आबा?”

“इथे. समोर. काहीतरी हललं.” ते खुर्चीत पुढे झुकले. “हललं ना आत्ता? पुन्हा हललं.”

वहिनीने तळहात अगदी सावकाश, एकदा इकडे, एकदा तिकडे कलवला. आबांचे विझलेले डोळे त्याच्यामागे इकडे गेले, तिकडे गेले. कितीतरी वर्षांनी त्यांच्या डोळ्यांना पाठलाग करण्यासारखं काही सापडलं होतं. भिंगरी चाकाला टेकून उभी राहिली आणि उघड उघड रडायला लागली. हातावरचं काळं तेल तिच्या गालाला लागलं, पण तिला ते पुसायचं सुचलं नाही.

“दिसतोय,” आबा म्हणाले. “अरे, म्हातारा मला दिसतोय.”

थोरल्याने काटा उघडला होता. त्याने तो पुन्हा बंद केला आणि यंत्राच्या मागे सरकवून दिला. तेवढ्यात दारावर थाप पडली. भंगारवाला हातगाडी घेऊन आला होता.

“चाक न्यायला आलोय.”

“चाक द्यायचं नाही,” थोरला म्हणाला. इतक्या ठासून, की जणू हा विचार पहिल्यापासून त्याचाच होता.

“मग मला एवढ्या लांबून बोलावलंत कशाला? मोकळ्या गाडीने परत जाऊ?”

“ही खिट्टी न्या खिडकीची,” धाकटा म्हणाला. “हिने वहिनींना फार छळलंय.”

“खिट्टीला कुणी हात लावायचा नाही,” भिंगरी नाक पुसत म्हणाली. “ती माझ्या बाजूने होती.”

भंगारवाला या घराचं काही खरं नाही असं म्हणत निघून गेला. भिंगरीने खिशातून भिंग काढलं, कुडत्याच्या टोकाने पुसलं आणि सगळ्यांदेखत वहिनीपुढे धरलं. आबांच्या वडिलांच्या नियमाचं त्या क्षणी काय झालं ते कुणी विचारलं नाही.

वहिनीला भिंग धरायची सवय नव्हती. भिंगरीने तिचा हात गालाशी टेकवून दिला, हिरा जवळ आणला. आधी नुसता धूसर उजेड दिसला, मग एकाएकी सगळं लख्ख झालं. कडेला कड मिळालेली, सांध्याला सांधा. एक रेघ कुठे नाही. खाली, अगदी टोकाशी, दोन पैलू एकमेकांना भेटत होते तिथे गाठ असायला हवी होती. ती शोधत राहिली. नव्हती.

“काय दिसतंय?” थोरल्याने विचारलं.

तिने भिंग आणखी घट्ट धरलं.

“मला बघू दे जरा,” तो म्हणाला. त्याच्यामागे धाकटा येऊन उभा राहिला. आबांनीही खुर्चीतून सवयीने हात पुढे केला. आजवर या हिऱ्याकडे ज्यांनी ज्यांनी चोरून बघितलं होतं ती सगळी माणसं भर उन्हात तिच्यापुढे रांगेत होती.

“थांबा,” भिंगावरचा डोळा न काढता वहिनी म्हणाली. “माझं अजून पंचवीस वर्षांचं बघायचं राहिलंय.”